एडिटिंग मशीन: ४:२:२ ची गाठ एकदाची सुटली

चालली! दोन कॅमेऱ्यांची ४के ५०पी (सेकंदाला ५० फ्रेम) मल्टिकॅम टाइमलाइन, प्रॉक्सी (हलक्या प्रती) न बनवता, एकही फ्रेम न सोडता. पण ती माझ्या रायझन ५९५०एक्स प्रोसेसरवर नाही (तिथे ती अडखळत होती), उसन्या आणलेल्या इंटेल आय५-१२४०० वर. सिनेबेंच या प्रोसेसरच्या वेगचाचणीत हा सहा कोरवाला माझ्या सोळा कोरवाल्याच्या जेमतेम निम्म्यावर येतो.

या अडखळण्याबद्दल मागच्या वेळी लिहिलं तेव्हा रॅम आणि एसएसडीवर संशय होता. दोन्ही निर्दोष निघाले. एफएफप्रोब या व्हिडिओ फाइलची माहिती दाखवणाऱ्या साधनाने फुटेज तपासलं तर एचईव्हीसी (एच.२६५ कॉम्प्रेशन), १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती निम्मी ठेवणारा प्रकार; ४:२:० मध्ये ती आणखी कमी, ४:४:४ मध्ये पूर्ण). इथेच खरी मेख आहे. माझ्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डाचा डीकोडर (व्हिडिओ उलगडणारा भाग) एचईव्हीसीचं ४:२:० आणि ४:४:४ घेतो, ४:२:२ घेत नाही. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये व्हिडिओ डीकोडचा आलेख शून्यावर आणि सगळा भार सीपीयूवर.

मग सोळा कोर कमी का पडावेत? एचईव्हीसीचं सीएबीएसी (बिट दाबून साठवायची पद्धत) डीकोडिंग क्रमाने चालतं, पुढचा बिट उलगडायला आधीचा उलगडलेला लागतो. त्यामुळे एका फ्रेमचं काम सगळ्या कोरमध्ये हवं तसं वाटता येत नाही. त्यात लाँग-जीओपी, म्हणजे बहुतेक फ्रेममध्ये इतर फ्रेमपासूनचा फरक तेवढा साठवलेला. प्लेहेड (टाइमलाइनवरची खूण) मागे ओढला की हवी ती एक फ्रेम दाखवायला आधीच्या आय-फ्रेमपासून (पूर्ण साठवलेल्या फ्रेमपासून) सगळं उलगडत यावं लागतं. सिनेबेंच सीपीयूवर एक दृश्य रेंडर करतं. त्यात या कशाचीच परीक्षा होत नाही. १२४०० च्या आतच असलेल्या यूएचडी ७३० या ग्राफिक्स भागातलं (आयजीपीयू) क्विक सिंक हे व्हिडिओ इंजिन मात्र नेमकं हेच ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडतं. एडिटिंगसाठी नावात 'एफ' असलेला इंटेल कोणी सुचवला तर घेऊ नका, त्यात आयजीपीयूच नसतो. शिवाय मी वापरतो त्या रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची स्टुडिओ आवृत्ती हवी.

उलटा स्क्रब (प्लेहेड मागे ओढणं) आता बोटाबरोबर सरकतो. नुसता मागे-पुढे करत बसलो होतो, इतकं सुख!

बेत असा होता की ५९५०एक्स काढून पूर्ण इंटेलवर जायचं. पण ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे सीपीयू रेंडर त्याच्याशिवाय नकोत. आणि हे लिहितानाच सुचलं: इंटेलचं आर्क ए३८० ग्राफिक्स कार्ड फक्त डीकोडसाठी दुसऱ्या स्लॉटमध्ये लावलं तर? त्याचा मीडिया इंजिनही एचईव्हीसी ४:२:२ घेतो.

उलगडलेल्या फ्रेम त्या स्लॉटमधून बाहेर याव्या लागतील, म्हणून हिशेब करून पाहिला. उलगडलेली ४के फ्रेम पिक्सेलमागे ४ बाइट धरून सुमारे ३३ एमबी. ५० फ्रेमला सेकंदाला १.६६ जीबी, दोन कॅमेऱ्यांना ३.३. माझ्या बी५५० मदरबोर्डाचा दुसरा स्लॉट थेट सीपीयूला नाही, चिपसेटवरून पीसीआयई ३.० एक्स४ (चार लेन, म्हणजे डेटाच्या चार वाटा), म्हणजे कागदावर सेकंदाला ३.९ जीबी. दोन कॅमेरे काठोकाठ मावतील, तिसरा नाही. म्हणजे तिसऱ्यासाठी सीपीयूच्या लेन दोन स्लॉटमध्ये एक्स८/एक्स८ (आठ-आठ) अशा विभागणारा बोर्ड हवा. बोर्डांच्या पुस्तिकांत ही माहिती तळटिपेत दडवलेली असते, ती पहिल्या पानावर हवी.

आधी ए३८० याच स्लॉटमध्ये लावून दोन कॅमेऱ्यांवर मोजतो, बोर्डाचं नंतर. विभागलेल्या लेनवर कोणी तीन कॅमेरे चालवले असतील तर आकडे नक्की टाका.