सुखोई बघायला उलव्यात

११ ऑक्टोबर २०२४, दसऱ्याचा आदला दिवस. नवी मुंबई विमानतळाच्या ३,७०० मीटर लांब धावपट्टीवर हवाई दलाचं सी-२९५ हे मालवाहू विमान उतरणार होतं; या विमानतळावर उतरणारं पहिलंच विमान. आत मंत्री आणि निमंत्रित. बाकीच्यांसाठी शेजारच्या उलव्याच्या गच्च्या.

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळ, तिथून उरण लोकलने बामणडोंगरी. उरणच्या गाड्या कमी, त्यामुळे वेळापत्रक पाहूनच घर सोडा. स्वतःची गाडी आणायच्या भानगडीत पडू नका. लोक भर रस्त्यात बाईक लावून मोबाइल वर करतात, आणि मागे जेएनपीए बंदराचे कंटेनर भोंगे वाजवत ताटकळतात.

आम्ही ओळखीच्यांच्या गच्चीवर होतो. तिथल्या बायका तोरणासाठी झेंडू ओवत बसल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमारास सी-२९५ आलं. पंख्याचं विमान, आवाज बेताचा. ते टेकलं तशी आसपासच्या गच्च्यांवर शिट्ट्या सुरू झाल्या. आत अग्निशमनच्या गाड्यांनी पाण्याची कमान धरून सलामी दिली, पण गच्चीवरून नुसता पांढुरका धूर दिसला.

सुखोई या लढाऊ विमानाची गोष्टच वेगळी. ते उतरलं नाही, धावपट्टीवरून अगदी कमी उंचीवरून निघून गेलं. विमान पुढे सरकल्यावर आवाज येतो आणि थेट छातीत बसतो. पाण्याच्या टाकीचं झाकण थरथरलं, खालची कुत्री गाड्यांखाली घुसली, शेजारचं तान्हं किंचाळायला लागलं. लहान मूल बरोबर असेल तर त्याचे कान नीट झाकाच. घरात हृदयविकाराचं कुणी असेल त्यांना आधी कल्पना द्या. पहिल्या फेरीला मोबाइल खिशात राहू दे, नाहीतर नुसतं आभाळ रेकॉर्ड होतं.

गच्चीवर मूळचे तरघरचे एक काका होते. विमानतळासाठी १० गावं उठली, त्यातलं त्यांचं एक. घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित जमीन देणाऱ्या योजनेतला भूखंड मिळाला, घरही झालं. धावपट्टीकडे बोट करून म्हणाले, "आमची शेती व्हती तिकरं." विमानाचा त्यांना राग नव्हता, उलट नातवाला खांद्यावर घेऊन दाखवत होते. त्यांना विचारायचं होतं ते एवढंच, की विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव कधी लागणार. समोर एवढी टेकडी कापली, उलवे नदी वळवली, मग एका नावाला इतका वेळ का, हे मलाही कळलं नाही.

पुढे कधी इथे हवाई दलाच्या कसरती झाल्या तर गच्ची आदल्या दिवशीच सोसायटीला विचारून ठरवा. ऐनवेळी वॉचमन सोडत नाही. टोपी आणि पाणी हवंच, ऑक्टोबरात गच्चीवर तळपाय भाजतात. ड्रोन घरीच ठेवा. विमानतळाच्या आसपास तो उडवायला बंदी आहे आणि पोलीस त्या दिवशी ऐकून घेत नाहीत.