आधी टायटन, मग दूरचे ग्रह

नोव्हेंबर १९८० मध्ये व्हॉयेजर-१ हे यान शनीच्या टायटन या चंद्रापासून जेमतेम साडेसहा हजार किलोमीटरवरून गेलं. या एका भेटीपायी त्याला पुढे प्लूटोकडे जाण्यावर पाणी सोडावं लागलं. एवढं करून हाती काय आलं, तर एका गुळगुळीत नारिंगी गोळ्याचे फोटो. ना डोंगर, ना दरी. अकरावीच्या वर्गात हा फोटो दाखवला की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, फोकस गेलाय!" फोकस व्यवस्थित आहे. टायटनच्या हवेतलं धुरकंच तेवढं दाट आहे.

सूर्यमालेबाहेरचे ग्रह बघताना आज आपली गत नेमकी हीच झाली आहे. जीजे १२१४ बी हा ग्रह साधारण ४८ प्रकाशवर्षांवर आहे, पृथ्वीहून मोठा, नेपच्यूनहून लहान. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून आपल्यापर्यंत येतो, आणि त्या हवेतला प्रत्येक वायू वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगांच्या पट्ट्यात, आपली खूण सोडतो. हबल दुर्बिणीने असे बरेच प्रसंग टिपले. २०१४ मध्ये निकाल छापून आला : सपाट रेघ. पाण्याची खूण नाही, मिथेनची नाही. खूप उंचावर ढग किंवा धुरकं आहे, एवढंच त्यातून कळलं.

हे मुलांना समजावायला मी देवगडचा एप्रिल वापरते. त्या दिवसांत सूर्य समुद्राला टेकतच नाही. क्षितिजाच्या चांगला वर असतानाच त्याचा खालचा काठ मळकट होतो, बिंब तांबूस पडतं, मग नुसता एक डाग उरतो आणि तोही पुसला जातो. जेटीवर जाळी विणत बसलेले आमचे शेजारी तात्या आधीच सांगून टाकतात, "आज तो पाण्याक टेकाचो नाय, वयल्यावयच नायसो होतलो." डोक्यावरच्या सूर्याला हीच हवा आडवत नाही. मावळतीला मात्र प्रकाश हवेतून तिरका, कितीतरी लांबचा रस्ता कापत येतो. निळा वाटेत विखरून जातो, लाल कसाबसा पोचतो. बाह्यग्रहाच्या हवेतून येणारा ताऱ्याचा प्रकाशही असाच कडेकडेने, तिरका आलेला असतो. म्हणून थोडंसं धुरकंही तिथे भिंतीसारखं उभं राहतं.

टायलर रॉबिन्सन हे खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जे केलं ते मला म्हणूनच इतकं आवडतं. शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानाने टायटनच्या कडेआड मावळणारा सूर्य टिपला होता. ती निरीक्षणं त्यांनी, टायटन हा जणू दूरच्या ताऱ्याचा ग्रह आहे असं धरून तपासली. प्रकाशाच्या रंगानुसार नजर पृष्ठभागापासून दीडशे ते तीनशे किलोमीटर उंचीवरच अडते, असं निघालं. खालचं सगळं झाकलेलं.

पण टायटनच्या बाबतीत खाली काय आहे ते आपल्याला माहीत आहे! १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान पॅराशूटने सुमारे अडीच तास त्या धुरक्यातून उतरत गेलं. खाली नदीच्या पात्रासारख्या खुणा होत्या, बर्फाचे गोटे होते. हवेचा दाब पृथ्वीच्या दीडपट, तापमान उणे १७९ अंश. बाहेरून कसं दिसतं आणि आत काय आहे, हे दोन्ही माहीत असलेलं असं ठिकाण फार दुर्मीळ.

हे धुरकं तयार होतं ते हवेतच. अतिनील किरण मिथेन आणि नायट्रोजनचे रेणू फोडतात, तुकडे एकमेकांना चिकटत लांबलचक साखळ्या होतात. कार्ल सेगन आणि वाराणसीत जन्मलेले बिशुन खरे यांनी प्रयोगशाळेत असाच तपकिरी पदार्थ बनवला आणि त्याला थोलिन म्हटलं. अर्थात टायटनचा हिशेब जसाच्या तसा सगळीकडे लागू नाही. वेब दुर्बिणीने जीजे १२१४ बी ची उष्णता मोजली तेव्हा, २०२३ मध्ये, तिथलं धुरकं काळपट नसून बराच प्रकाश परतवणारं असावं असं दिसलं. म्हणजे धुरक्यालाही स्वभाव असतो, आणि तो अभ्यासायलाच हवा.

विजयदुर्गावर दरवर्षी १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो, १८६८ च्या खग्रास ग्रहणाची आठवण म्हणून. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात दिसलेल्या पिवळ्या रेघेतून पुढे हेलियमचा शोध लागला. बरोबर दीडशे वर्षांनी, २०१८ मध्ये, वास्प-१०७ बी या ग्रहाच्या हवेत हेलियम सापडला, बाह्यग्रहावर पहिल्यांदाच. तो हजारो किलोमीटर वर, अवकाशात निसटणाऱ्या हवेत होता, म्हणून खालच्या ढगा-धुरक्याला तो लपवता आला नाही. यंदा मुलांना किल्ल्यावर हीच गोष्ट सांगणार आहे.

पण हेलियम सांगतो ते फक्त वरचं. धुरक्याखालचं कळायला टायटनवरच परत जायला हवं. नासाचं ड्रॅगनफ्लाय हे ड्रोनसारखं उडणारं यान २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये तिथे पोचणार आहे. ते उतरणार आहे विषुववृत्ताजवळच्या काळ्या वाळूच्या टेकड्यांत. ती वाळू बहुधा याच धुरक्यातून खाली बसलेल्या पदार्थांची आहे, आणि ड्रॅगनफ्लाय ती उचलून तपासणार आहे.