पाव, अर्धा आणि डाळीचा काटा

दशांश अपूर्णांकांच्या पाठाचं टाचण मी रविवारी रात्रीच काढून ठेवलं होतं. उदाहरण दरवर्षीचंच: रुपयाचे शंभर पैसे, म्हणून पंचवीस पैसे म्हणजे ०.२५ रुपये. सोमवारी दुसऱ्या तासाला पाचवीपुढे ते मांडलं, तर पोरं नुसती बघत राहिली. एकाने विचारलं, "बाई, पैसे म्हंजे सुट्टे का?"

पंचवीस पैशांचं नाणं २०११च्या जूनअखेर चलनातून बाद झालं. ही मुलं त्यानंतर जन्मलेली. चार आणे माझ्या लहानपणी गोळीला पुरायचे, त्यांनी ते पाहिलेसुद्धा नाहीत. टाचणाचा पायाच गेला.

आमची शाळा वस्तीवरची, द्विशिक्षकी. चौथी-पाचवी एका खोलीत, माझ्याकडे. फळ्याच्या डाव्या अर्ध्यात चौथीचे भागाकार, उजवा अर्धा पाचवीचा. वेळ काढायला म्हणून पाचवीच्या अकरा जणांना विचारलं, ०.२५ आणि ०.५ यांत मोठी संख्या कोणती? नऊ जणांनी ०.२५ लिहिलं. पाचापेक्षा पंचवीस मोठेच ना! यात माझाही हात होता. आठवडाभर मी 'शून्य पूर्णांक पंचवीस' असं वाचत होते, पुढचं 'शतांश' घाईत गिळत होते. पोरांच्या कानांवर पंचवीस आणि पाच एवढंच पडलेलं.

बरोबर लिहिणाऱ्या दोघांत एक भिंतीकडेला बसणारा, दर गुरुवारी न चुकता गैरहजर. मी फटकन म्हणाले, "कुणाचं बघून लिहिलंस?" तो गप्प. मग माझी नजर शेजारच्या वहीवर गेली. वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी ती, आणि तिचं चुकलेलं. बघून लिहिलं असतं तर याचंही चुकलं असतं की! पुन्हा विचारलं, या खेपेला आवाज उतरवून.

"पाव आन् अर्धा हाय ना बाई."

गुरुवारी बाजार. बाप भाजी घेऊन बसतो, काटा हा सांभाळतो. काट्यावर ०.२५० म्हणजे पाव, ०.५०० अर्धा, ०.७५० पाऊण, ०.१२५ आतपाव. तो धडाधड सांगत गेला. ती मुलगी मात्र अडली. "फळ्यावर ०.५ आहे. ०.५०० कुठंय?"

इथे मी एरवी 'मागे शून्य लावा, अंक सारखे करा' म्हणून मोकळी होते. उत्तर येतं, पण का ते कळत नाही. त्या दिवशी पाचवीला उठवलं आणि पोषण आहाराच्या खोलीत नेलं. चौथीला भागाकार करायला बजावलं होतं. मागे वळून पाहिलं तर अख्खी चौथी दारात. असो.

हजेरी चौतीस. मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी तोललेला तांदूळ काट्यावर ३.४००, आणि साठा नोंदवहीत माझ्याच अक्षरात ३.४. मुलीने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. "बाई, तुम्ही दोन शून्यं खाल्लीत."

"मग तांदूळ कमी झाला का?"

"नाही..." पण तिला ते पटलेलं दिसेना.

डाळ भरली ०.६८०. मी विचारलं, "०.७ करायची तर घालायची की काढायची?" निम्मी पोरं ओरडली, काढायची! सातापेक्षा अडुसष्ट मोठे. मग बाजारवाल्या पोराच्या हातात डाळ दिली. त्याने चिमटी-चिमटीने सोडली. ०.६९०. ०.६९५. सगळी डोकी काट्यावर ओणवलेली, एरवी 'गप्प बसा' म्हणून माझा घसा बसतो, इथे दाणा पडल्याचा आवाज येत होता. ०.७००. "आयला, वाढवायलाच लागली," चौथीतला कुणीतरी म्हणाला. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

"वरची वीस ग्रॅम काढून ठिवा आधी," मावशी म्हणाल्या. "हिशोब मला द्यावा लागतो. आन् खिचडी कधी शिजायची?"

खिचडीला अर्धा तास उशीर झाला. तेवढ्यात वर्गात परत येऊन मी फळ्यावर ०.३ लिहिलं. बाजारवाला पहिल्यांदाच अडकला. डोकं खाजवत म्हणाला, "०.३ किलो आसं कुनी मागतच न्हाई, बाई."

शेजारची मुलगी फळ्याकडे बघत बोटांवर काहीतरी मोजत होती. "पाव दे," ती त्याला म्हणाली, "आणि वर पन्नास ग्रॅम घाल."

त्याने जरा विचार केला. "मंग देता यील."

गुरुवारी तो पुन्हा गैरहजर होता.