मध्यस्थ म्हणजे दलाल नाही हो साहेब! (माझा अनुभव)

नाशिकच्या सातपूरमधल्या एका कंपनीत बारा वर्षं एचआर केलं, युनियन आणि मॅनेजमेंटच्या मधे बसून बसून केस पांढरे झाले, मग म्हटलं हेच काम स्वतःचं म्हणून करू. 40 तासांचं मीडिएशनचं, म्हणजे मध्यस्थीचं, ट्रेनिंग केलं, कॉलेज रोडला एक खोली भाड्याने घेतली, घरचेही फार बोलले नाहीत. अडकलं कुठे, तर बँकेत. एक साधं करंट अकाउंट. दीड महिना!

बँकेला धंद्याच्या नावाचे दोन कागद लागतात. मी शॉप अ‍ॅक्टची पावती (कमी माणसं असली की नुसती सूचना द्यायची असते) आणि उद्यम सर्टिफिकेट (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं) नेलं. काउंटरवरच्या साहेबांनी वरून खालून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, महारेराचा नंबर?"

मी म्हटलं, कशाचा?

"एजंट आहात ना? फ्लॅटचे?"

समजावलं, की भांडणं असतात, पार्टनरची, भावाभावांची, त्यांना समोरासमोर बसवून तोडगा काढायला मदत करते. तर म्हणे मग लवादाचं लायसन आणा. आता लवाद निकाल देतो, मध्यस्थ निकाल देत नाही, ठरवायचं ते त्या दोघांनीच. यावर साहेब जे बोलले ते मी जन्मात विसरणार नाही, "निकाल देत नाही तर पैसे कशाचे घेता?"

दुसऱ्या खेपेला 2023 च्या मध्यस्थी कायद्याची प्रिंट नेली, त्यांनी पहिलं पान उलटलं आणि स्टेपलर ठेवला त्याच्यावर. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. चौथ्या खेपेला "वर पाठवलंय". वर म्हणजे कुठे ते कोणी सांगेना. बारा वर्षं लोकांना शांत राहायला शिकवलं आणि त्या दिवशी मी स्वतः बँकेत आवाज चढवला, गार्ड उठून उभा राहिला.

शेवटी रात्री चिडून कागद परत वाचायला घेतले तेव्हा दिसलं. उद्यम सर्टिफिकेटवर धंद्याचा कोड 68 ने सुरू होणारा. 68 म्हणजे रिअल इस्टेट! सायबर कॅफेवाल्याने विचारलं होतं, काम काय ताई, मी म्हटलं मध्यस्थी, त्याने टाकला दलालाचा कोड. वर 500 रुपये घेतले, आणि उद्यम रजिस्ट्रेशन सरकारी साइटवर फुकट असतं बरं का, तिथेच करा. मी आधारच्या ओटीपीवर स्वतः बदल केला, 69 चा टाकला, कायदेविषयक सेवांचा, दुरुस्तीलाही एक पैसा लागला नाही. चार दिवसांत अकाउंट झालं. दीड महिन्यात त्या माणसाला एकदा बोट ठेवून "हा कोड बघा" म्हणता आलं नाही का? अजून डोकं फिरतं.

हां, वकील नसलात तरी हे काम करता येतं, बरेच जण विचारतात. आणि फी दोन्ही पार्टींकडून निम्मी निम्मी, पहिल्या बैठकीच्या आधी हातात. माझी पहिली केस दोन भावांची, विहिरीवरच्या मोटरच्या पाळीवरून, गाव सांगत नाही कारण गुप्तता पाळावी लागते. तीन बैठकांत मिटलं, दोघं एका गाडीवर बसून मिसळ खायला गेले, थोरल्याची निम्मी फी अजून यायचीय. जीएसटीचं आत्ताच डोक्यात घेऊ नका, सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही.

बोर्डावर मात्र नुसतं 'मध्यस्थी केंद्र' लिहू नका, खाली 'वाद समझोता' टाका. मी टाकलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात पंचवटीचे एक काका आले, पिशवीतून मुलीचा बायोडाटा काढला आणि म्हणाले, मुलगा शक्यतो नाशिकचाच बघा.