ती नोट ओळखीची होती

दारू घ्यायचं वय किती असावं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी 11 वर्षं सोलापुरात एका वाइन शॉपच्या काउंटरवर होतो हे कळलं, की लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारतंच: दारूचं वय किती पाहिजे हो? 18, 21 का 25?

आपल्याकडे सौम्य बिअरला 21 आणि कडक दारूला 25. 2011 च्या व्यसनमुक्ती धोरणात हे ठरलं. शिवाय 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना लागतो. एका दिवसाचा विदेशी दारूचा परवाना पाच रुपयांचा. त्याचं पॅड आमच्या गल्ल्याशेजारी असायचं. महिनाअखेरीला मालक म्हणायचे, "भरून टाक रे." मग मी सुचतील ती नावं लिहायचो, वयाच्या रकान्यात 32, 41, 38. हे मी स्वतःच्या हाताने केलंय आणि त्याची मला लाज वाटते.

एक संध्याकाळ डोक्यातून जात नाही. पाठीला कॉलेजची सॅक, मिसरूड नीट फुटलेली नाही, शर्टाला सुताचे तंतू चिकटलेले. शहराच्या पूर्व भागातला असावा, यंत्रमागावर काम करून शिकणारा. दोनशेची नोट पुढे केली. "दादा, एक क्वार्टर." नोटेच्या कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग होता. मी म्हटलं, "आधार दाखव." पोरगं कानापर्यंत लाल झालं आणि निघून गेलं. पाच मिनिटांत एक रिक्षावाला आला. तोच ब्रँड मागितला आणि तीच डागाची नोट दिली. मी बाटली काढून दिली.

तर माझं उत्तर 21. सगळ्या दारूला एकच वय, आणि दर वेळी, दर गिऱ्हाइकाला विचारायचं.

25 का नको? काउंटरवर 23 वर्षांचा बाप्या येतो, पोर कडेवर असतं. मतदान 18 ला करतो, लग्न 21 ला झालेलं. त्याला नाही म्हणायला विकणाऱ्याची जीभ रेटत नाही. त्याला विचारणं सोडलं की हळूहळू सगळ्यांनाच विचारणं सुटतं, आणि मग 17 चं पोरगंही त्याच रांगेतून बाटली घेऊन जातं. माझ्याबाबतीत नेमकं हेच झालं. अमेरिकेतही 1984 च्या कायद्यापासून 21 च आहे.

पुण्यात मे 2024 मध्ये कल्याणीनगरला गाडीखाली दोघं गेले. गाडी चालवणारा 17 चा होता, आणि त्याला दारू दिली म्हणून पबवाल्यांवर गुन्हा नोंदला गेला. तो 25 लाही बसत नव्हता, 18 लाही नाही. तिथे वय विचारणाराच नव्हता.

डॉक्टर सांगतात, मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. ते मला मान्य आहे. दुकानापाशी भाजी विकणारी एक मावशी मला म्हणाली होती, "पंचवीस काय करता, चाळीस करा की!" तिचा थोरला दारूत गेला. तिच्यापुढे माझ्या 21 ला काही अर्थ नाही, हे मला कळतं. पण तिचा मुलगा दुकानातली दारू पीतच नव्हता. तो हातभट्टीची प्यायचा, आणि हातभट्टीवर वय कोण विचारतं? 2021 मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी 'ऑपरेशन परिवर्तन' काढलं. मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी नुसत्या धाडी टाकून न थांबता, भट्ट्या लावणाऱ्यांना दुसरा कामधंदा मिळवून द्यायला सुरुवात केली. अशी पोरं वाचवायची तर मला हाच रस्ता खरा वाटतो.

मी ती नोकरी सोडली. माझा मुलगा येत्या जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला 18 चा होईल. त्याला त्या नोटेची गोष्ट सांगितली. थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "पप्पा, रिक्षावाल्याला नाही म्हणायचं होतं."

"म्हणायचं होतं," मी म्हटलं.