गेरू कालवलेला कालवा : किड्सग्रोव्हची एक दुपार

"अगं, यात कुणी गेरू कालवलाय का?" काठावर पोचल्या पोचल्या आईने विचारलं. पाणी होतंच तसं. तुळशीवृंदावनासाठी भिजवलेल्या गेरूसारखं दाट, नारिंगी, आणि तळ कुठे ते कळू न देणारं.

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंटच्या वरच्या अंगाला किड्सग्रोव्ह आहे. ट्रेंट अँड मर्सी कालवा इथे हेअरकॅसलच्या टेकडीत शिरतो. शेजारी शेजारी दोन बोगदे. जुना अभियंता जेम्स ब्रिंडलीचा, १७६६ साली सुरू होऊन १७७७ साली खुला झालेला. आत नाव ओढणाऱ्या घोड्याला वाट नव्हती, म्हणून नावाडी पाठीवर पडून पायांनी भिंत रेटत नाव पुढे न्यायचे. दुसरा अभियंता थॉमस टेलफर्डचा, १८२७ चा. जुना खचत गेला आणि बंद पडला, पण त्याचं बुटकं तोंड अजून दिसतं. मी तर तिथून हलायलाच तयार नव्हते.

टेकडीत कोळशाचे आणि लोहखनिजाचे थर आहेत. ब्रिंडलीच्या बोगद्यातून आतल्या आत खाणींकडे फाटे काढलेले होते. खडकातून, जुन्या खाणकामातून पाणी झिरपतं तेव्हा त्यात लोह विरघळलेलं असतं, पण रंग दिसत नाही. उघड्यावर हवा लागली की तेच लोह गंजतं आणि पाणी शेंदरी होतं. गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे आईची नजर अचूक निघाली! कोकणात पावसाळ्यात ओढे लाल होतात ते वाहून आलेल्या मातीने, पाऊस सरला की ते निवळतात. इथला झिरपा मात्र पावसासाठी थांबत नाही.

काठाचं एक गवताचं पातं पाण्यात लोंबत होतं. चिमटीत धरून ओढलं तर वरची शेंदरी साय बोटांवर आली, खाली पातं हिरवंगार. नखांच्या कडा रात्रीपर्यंत तशाच होत्या.

जाणार असाल तर मँचेस्टर-स्टोक मार्गावरची, सगळीकडे थांबत जाणारी गाडी धरा. किड्सग्रोव्ह स्टेशन कालव्याला लागूनच आहे, बोगद्याचं तोंड चालत काही मिनिटांवर. पांढरे बूट घालू नका, काठाची पायवाट ओली असते आणि डाग सहज जात नाहीत. मुलांना पाण्यात हात घालू देऊ नका, घातलाच तर खाण्याआधी साबणाने धुवा. बोगद्यातून पायी जाता येत नाही. पलीकडे जायचं तर टेकडीवरून बोटहॉर्स रोडने जा, पूर्वी नावांचे घोडे असेच वरून नेत. नावेने जाणाऱ्यांनी वेळा आधी बघून ठेवाव्यात, कारण आत एका वेळी एकाच दिशेची वाहतूक असते. पार व्हायला साधारण चाळीस मिनिटं लागतात आणि छत मध्येच बरंच खाली येतं, गरम कपडे हवेतच.

एक गोष्ट मात्र चुकवू नका. जवळच मॅकल्सफील्ड कालवा फुटतो. तो थोडा वेळ मुख्य कालव्याच्या बाजूने जातो. मुख्य कालवा लॉक (नावांना खालच्या-वरच्या पातळीवर नेणारे पाण्याचे दरवाजे) उतरून खाली गेला की हा पुलावरून त्याला ओलांडतो. त्या पुलावर उभं राहून खाली पाहा. आम्ही पाहिलं तेव्हा एक नॅरोबोट, म्हणजे इथली लांब अरुंद नाव, येत होती, आणि तिच्यामागे तळाचा गेरू ढवळून वर येत होता.