विळा, वाळूचं घड्याळ आणि नववीचा वर्ग

नववीत संस्कृतच्या सरांनी नचिकेताची गोष्ट सांगितली आणि सगळा वर्ग एकाच ठिकाणी अडकला : यम घरी नव्हता! पोरगं तीन रात्री उपाशी बसून राहिलं. परत आल्यावर साक्षात यमाने त्याची क्षमा मागितली आणि तीन रात्रींचे तीन वर देऊ केले. तिसऱ्या वराला मात्र त्याची टाळाटाळ सुरू झाली. हत्ती घे, घोडे घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे, पण मेल्यावर काय होतं ते विचारू नकोस. सर ही टाळाटाळ अशी रंगवून सांगत की आम्ही पोट धरून हसायचो. मृत्यूच्या गोष्टीत हसता येतं आणि तरी गोष्टीचं वजन कमी होत नाही, हे मला तिथे कळलं.

पुढे नर्सिंगला गेले. होस्टेलवर मैत्रिणीकडे टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची पुस्तकं होती. त्याच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेत ४१ कादंबऱ्या आहेत आणि मृत्यू हे त्यातलं कायमचं पात्र. हाडांचा सापळा, काळा झगा, पांढरा घोडा. घोड्याचं नाव बिंकी. या मृत्यूला मांजरं आवडतात. प्रत्येकाच्या आयुष्याचं एक वाळूचं घड्याळ त्याच्या घरी असतं. इतर पात्रं अवतरणचिन्हांत बोलतात, हा कॅपिटल अक्षरांत, चिन्हांशिवाय. वाचताना आवाज थेट कवटीत घुमतो.

त्यातलं ‘रीपर मॅन’ (१९९१) माझं सगळ्यात लाडकं. मृत्यूला स्वतःचा स्वभाव फुटलाय म्हणून त्याला कामावरून काढून टाकतात. मग तो नाव बदलून एका वयस्क बाईच्या शेतावर कापणीला लागतो. हातात लांब दांड्याचा विळा, पण कापतो एकेक काडी, सुटी. तरी काम झपाट्याने उरकतं. आमच्याकडे सुगीत कवेत मावेल तेवढं धरून विळा मारतात, त्यामुळे हे वाचताना माझा हातच थांबला. शेवटी तो मोठ्या शक्तीपुढे उभा राहून त्या बाईसाठी थोडा वेळ मागतो. कापणाऱ्याला पिकाची कदर नसेल तर पिकाने आशा कुणाची धरायची, हा त्याचा युक्तिवाद. विनोदी म्हणून हाती घेतलेल्या पुस्तकाने मला रडवलं.

‘फीट ऑफ क्ले’ (१९९६) ही तर सरळ खुनाची रहस्यकथा. बुटक्यांच्या पावांचं संग्रहालय सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याचा खून होतो, तोही दगडासारख्या कडक पावाने. शहराच्या सत्ताधीशावर विषप्रयोग चालू असतो आणि विष जातं कुठून ते कुणाला उमगत नाही. मृत्यू येतो, पण खुनी शोधणं हे त्याचं काम नाही. गुन्हेगार आणि बळी, दोघांशी तो सारख्याच अदबीने बोलतो. न्याय हवा असेल तर पहारेकऱ्यांच्या प्रमुखाला, व्हाइम्सला, चिखल तुडवत हिंडावं लागतं. या रहस्यकथांचं मोठेपण मला इथे दिसतं : न्यायाचं काम जिवंत माणसांनी मृत्यूवर ढकलायचं नाही.

अतिदक्षता विभागात रात्रपाळी करताना मला ही पुस्तकं उपयोगी पडली, अगदी कामात. श्वास थांबल्यावरही मी पेशंटला नावाने हाक मारून, ‘काका, आता कूस बदलते हं’ असं सांगूनच हात लावते. डोळे मिटवणं, नळ्या काढणं, चादर सारखी करणं, सगळं एकेक. नव्या मुलींनाही मी हेच शिकवते.

प्रॅचेट यांना २००७ मध्ये अल्झायमरच्या एका दुर्मीळ प्रकाराचं निदान झालं. त्यांनी ते जाहीर केलं, संशोधनासाठी मोठी देणगी दिली आणि लिहीत राहिले. १२ मार्च २०१५ ला ते गेले, तेव्हा त्यांच्या ट्विटर खात्यावरून ती बातमी मृत्यूच्याच कॅपिटल अक्षरांत आली.

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रॅचेट यांची काही पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. मुलांनो, इंग्रजी सुरुवातीला जड जाईल. ‘मॉर्ट’पासून सुरू करा, त्यात मृत्यूच्या हाताखाली उमेदवारी करणारा मुलगा तुमच्याच वयाचा आहे. ग्रंथपालांना एकच विनंती : पुस्तकं कुलपाच्या कपाटात ठेवू नका, नववीच्या मुलांचा हात पोचेल अशा फळीवर ठेवा.